लिव्हरवर वण आलेत असं रिपोर्टमध्ये निघालं तर पांढऱ्या पेशींचं काम समजून घेऊन पुढचं कसं ठरवायचं

बाबांच्या फायब्रोस्कॅनचा (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी टेस्ट) कागद आला त्या संध्याकाळी घरात दोन गोष्टी एकदमच सुरू झाल्या. आईने गुळवेल उकळायला ठेवली, म्हणाली इम्युनिटी वाढली की लिव्हर आपोआप सुधारेल. आणि दादाने फोन करून सांगितलं की त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी एका क्लिनिकमध्ये पेशींची ट्रीटमेंट घेतलीय, स्वतःच्याच पेशी काढतात आणि परत सोडतात, चार लाखाच्या आसपास खर्च येतो, आपण उशीर करायला नको. दोघांचाही जीव बाबांसाठीच तुटत होता आणि दोघांच्याही मनात कल्पना तीच होती, की शरीराचे सैनिक कमी पडतायत, त्यांना बळ दिलं की काम होईल.

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर दोन वर्षं लिव्हरच्या डॉक्टरांना प्रत्येक भेटीत विचारून, जे समजत नव्हतं ते पुन्हा पुन्हा वाचून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण ज्याच्या घरात असा रिपोर्ट आलाय त्याला पहिल्या आठवड्यातच हे माहीत असायला हवं. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. लिव्हरवर वण उठवायला लावणाऱ्या आणि तोच वण पुसून काढणाऱ्या पेशी एकाच खानदानातल्या आहेत. म्हणून "इम्युनिटी वाढवायची का" हा प्रश्नच चुकीचा पडतो. लिव्हरला इजा कशाने होतेय आणि ती थांबली का, हे विचारायचं.

आधी आत काय चाललंय ते बघा.

बाजारातून ताजी कलेजी आणलीत तर बोटाने दाबली जाते, मऊ असते. आपलंही लिव्हर तसंच असतं. त्याला दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, चरबी आणि साखर, काही औषधं, यातलं काहीतरी वर्षानुवर्षं त्रास देत राहिलं की लिव्हरच्या पेशी मरतात आणि मरताना आजूबाजूला खबर देतात. ती खबर पहिल्यांदा ऐकतात मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी. मॅक्रोफेज म्हणजे खाणाऱ्या पेशी, मेलेल्या पेशी, जंतू, कचरा गिळणाऱ्या. लिव्हरमध्ये त्या कायम मुक्कामाला असतात, त्यांना कुफर पेशी म्हणतात, कारण आतड्यातून येणारं रक्त थेट लिव्हरमध्ये येतं आणि त्यातून आलेले जंतू तिथेच टिपावे लागतात. इजा मोठी असेल तर हाडांच्या मगजात तयार झालेल्या मोनोसाइट नावाच्या पेशीही रक्तातून धावत येतात आणि लिव्हरमध्ये पोचल्यावर मॅक्रोफेज बनतात.

आता घराचं काम काढलंय असं समजा. मॅक्रोफेज हा मुकादम, आणि गवंडी म्हणजे स्टेलेट पेशी. या स्टेलेट पेशी एरवी शांत असतात, अ जीवनसत्त्वाचे थेंब पोटात साठवून बसलेल्या असतात. मुकादमाने टीजीएफ बीटा नावाचं रसायन सोडून हाक मारली की त्या साठा टाकून देतात, रूप बदलतात आणि कोलॅजनचे धागे विणायला लागतात. कोलॅजन म्हणजेच वण. जखम भरायला तो लागतोच, गुडघा फुटल्यावरही हेच होतं. पण छत रोज गळतच असेल तर मुकादम रोज प्लास्टर मारायला सांगणार आणि गवंडी रोज मारणार, मग एक दिवस खोलीत हवा यायला जागाच उरत नाही. लिव्हरमध्ये रक्त वाहायला जागा उरत नाही. त्याला सिरोसिस म्हणायचं.

(या स्टेलेट पेशी कार्ल फॉन कुफर यांनी १८७६ मध्येच पाहिल्या होत्या, जर्मनमध्ये त्यांना ताऱ्यासारख्या पेशी असं नाव दिलं, पण पुढे त्यांनीच त्यांची आणि खाणाऱ्या पेशींची गल्लत केली आणि ती गल्लत पुढची कित्येक दशकं निस्तरली गेली नाही. मुकादम आणि गवंडी वेगळे आहेत हे कळायलाच इतका काळ गेला, म्हणून औषधं मिळायला वेळ लागतोय याचं मला आता तितकं नवल वाटत नाही.)

मग वण जातो कसा? इथे २००५ चा एक प्रयोग आहे, एडिनबरा विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांवर केलेला, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्यातच आहे. त्यांनी उंदरांच्या लिव्हरला रसायनाने इजा केली. काही उंदरांमध्ये इजा चालू असतानाच मॅक्रोफेज काढून टाकले, तर वण कमी पडले. दुसऱ्या गटात इजा थांबवली, लिव्हर सुधारायला लागलं, आणि त्या टप्प्यावर मॅक्रोफेज काढून टाकले, तर वण जायचे थांबले, तसेच राहिले. पेशी त्याच, वेळ बदलली की काम उलटं. गळती चालू असेपर्यंत मुकादम प्लास्टर मारून घेतो, गळती थांबली की तोच ते फोडून काढायला सुरुवात करतो. २०१२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की तीच आलेली मोनोसाइट पेशी पुढे कचरा गिळता गिळता स्वभाव बदलते आणि कोलॅजन कापणारी एन्झाइम सोडायला लागते.

गवंड्यांचं काय होतं तेही बघा. इजा थांबल्यावर काही स्टेलेट पेशी मरतात, काही पुन्हा शांत होतात, आणि काहींना नॅचरल किलर म्हणजे एनके पेशी मारतात. एनके पेशी पण पांढऱ्या पेशीच, लिव्हरमध्ये त्या भरपूर असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की सतत दारू दिली की एनके पेशींची हीच ताकद मरते. म्हणजे दारू गळतीही वाढवते आणि प्लास्टर काढणाऱ्यालाही झोपवते. "रोज एकच पेग घेतो" म्हणणाऱ्या काकांना मी हे सांगते.

एक मात्र खरं, वण जुना झाला की त्याचे धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात आणि मग मॅक्रोफेजच्या एन्झाइमला ते कापणं जड जातं. म्हणून पाच वर्षांपूर्वी सुरुवात करणं आणि आज करणं यात फरक पडतो.

आता रिपोर्ट वाचायला घ्या.

घरात जुने रिपोर्ट असतीलच, त्यातून चार आकडे काढा, वय, एसजीओटी, एसजीपीटी (ही दोन्ही लिव्हरच्या रक्ततपासणीत असतात) आणि प्लेटलेट. यातून फिब-४ नावाचा आकडा निघतो, फुकटात. वय गुणिले एसजीओटी, याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. प्लेटलेटमध्ये बहुतेकांची चूक होते, कारण आपल्याकडच्या लॅब लाखात लिहितात, तर १.४ लाख असेल तर १४० धरायचे. बाबांचं सांगते, वय ५८, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १.४ लाख. वर ५८ गुणिले ६२ म्हणजे ३५९६, खाली ४९ चं वर्गमूळ ७, गुणिले १४० म्हणजे ९८०, उत्तर ३.६७. आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेले वण असण्याची शक्यता कमी (पासष्टीच्या पुढे २ पर्यंत चालतो), २.६७ च्या वर गेला तर लिव्हरच्या डॉक्टरकडे जायलाच हवं, आणि मधे असेल तर फायब्रोस्कॅन करून बघायचा. पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशोब नीट लागू पडत नाही. नुसत्या सोनोग्राफीत "ग्रेड १ फॅटी लिव्हर" आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, चरबी किती आहे आणि वण किती आहेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबांच्या सोनोग्राफीत तीन वर्षं तेच ग्रेड १ येत होतं.

फायब्रोस्कॅनला घाबरायचं काही नाही. उताणं झोपवतात, उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात म्हणजे बरगड्या उघडतात, मग दोन बरगड्यांच्या मधे गार जेल लावून प्रोब टेकवतात आणि एक ठोका बसतो, कुणीतरी टिचकी मारल्यासारखा. तो ठोका लाटेसारखा लिव्हरमधून जातो, लिव्हर जितकं कडक तितकी लाट जोरात पळते, आणि त्यावरून किलोपास्कलमध्ये आकडा येतो. असे निदान दहा ठोके. बाबा म्हणाले, कॅरमची सोंगटी बरगडीवर मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. निरोगी लिव्हर पाचच्या आसपास असतं, दहाच्या खाली आणि बाकी काही लक्षणं नसतील तर गंभीर आजार सहसा नसतो, पंधराच्या वर गेलं तर डॉक्टर सिरोसिसच्या दिशेने विचार करतात. बाबांचा आला १२.४.

पण कागद हातात घेतल्यावर एवढाच आकडा बघू नका, शेजारी आयक्यूआर बाय मीडियन लिहिलेलं असतं, ते ३० टक्क्यांच्या आत आहे ना बघा, नसेल तर ठोके एकसारखे पडलेले नाहीत. टेस्टच्या आधी निदान तीन तास काही खायचं नाही, चहा-बिस्किट पण नाही, जेवल्यावर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. आणि पांढऱ्या पेशींचा संबंध इथेही येतोच बरं का, लिव्हरला त्या वेळी जोरात सूज असेल, एसजीपीटी खूप वाढलेलं असेल, तर लिव्हर वणामुळे नाही, सुजेमुळे कडक लागतं. पेशींची गर्दी झालेली असते. माझ्या मैत्रिणीच्या भावाची कावीळ चालू असतानाच कुणीतरी स्कॅन करून टाकला, आकडा वीसच्या वर आला, घरात रडारड झाली, तीन महिन्यांनी सूज उतरल्यावर तोच आकडा आठवर होता. तेव्हा कावीळ किंवा ताजी सूज असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की हा स्कॅन आत्ता करायचा की थांबायचं.

आता ट्रीटमेंट. पांढऱ्या पेशींकडून वण पुसून घ्यायची आज हातात असलेली, माणसांवर सिद्ध झालेली पद्धत एकच आहे, गळती बंद करा. ऐकायला साधं वाटतं म्हणून लोक त्याला ट्रीटमेंट समजत नाहीत आणि दुसरं काहीतरी शोधत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण याचा पुरावा इतका पक्का आहे. हिपॅटायटिस बीच्या पेशंटना टेनोफोव्हिरची गोळी पाच वर्षं दिली, ३४८ जणांची आधी आणि नंतर बायोप्सी केली (म्हणजे लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला), २०१३ मध्ये ते छापून आलं, निम्म्याहून जास्त लोकांचे वण कमी झाले होते. सुरुवातीला ९६ जणांना सिरोसिस होता, त्यातल्या ७१ जणांच्या बायोप्सीत पाच वर्षांनी सिरोसिस उरला नव्हता. टेनोफोव्हिर वणाला हातही लावत नाही. ती फक्त व्हायरसला दाबते, बाकीचं काम शरीराने स्वतःच केलं.

तर कारण शोधून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्हीची रक्ततपासणी झालीय का बघा, चरबीचंच आहे असं गृहीत धरून ती राहून जाते. सी निघाला तर बहुतेकांना तीन महिन्यांच्या गोळ्यांत तो पूर्ण बरा होतो, आणि २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दारू कारण असेल तर ती पूर्ण बंद, कमी करणं नाही, आणि एकट्याच्या जिवावर होत नसेल तर व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची मदत घ्या, रोज जास्त पिणाऱ्याने एकदम घरच्या घरी सोडली तर झटके येऊ शकतात म्हणून आधी डॉक्टर.

चरबीचं लिव्हर असेल तर वजन. २०१५ मध्ये २९३ लोकांचा एक अभ्यास आला, वर्षभर खाणं-चालणं सुधारून ज्यांनी वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवलं त्यातल्या ४५ टक्के लोकांचे वण बायोप्सीत कमी दिसले. बाबा ८४ किलो होते, म्हणजे साडेआठ किलो. आम्ही काय केलं तर रात्रीचा भात बंद, दोन भाकऱ्यांची एक, चहातली साखर पूर्ण बंद (हे सगळ्यात अवघड गेलं), फरसाणाचा डबाच घरातून काढला, आणि संध्याकाळी पाऊण तास चालणं, पावसाळ्यात मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात. चौदा महिने लागले. बाबांच्या डायबेटिसच्या गोळ्यांमध्येही डॉक्टरांनी बदल केला. अमेरिकेत चरबीमुळे वण आलेल्यांसाठी दोन औषधांना मान्यता मिळालीय, मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, दोन्ही मधल्या टप्प्यासाठी, सिरोसिस झालेल्यांसाठी नाहीत. आपल्या पेशंटला ती बसतात का हे डॉक्टरच सांगतील, वजन उतरवायचं इंजेक्शन म्हणून परस्पर मेडिकलमधून आणू नका.

काढ्याचं सांगायचं राहिलं. आईला मी समजावलं ते असं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, कोविडमध्ये सगळे गुळवेल पीत होते तेव्हा, मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांना सहा पेशंट असे सापडले की ज्यांच्या लिव्हरला जोराची सूज आली होती आणि सगळे गुळवेल घेत होते, त्यांनी ते २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या सुजेचं रूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे स्वतःच्याच पांढऱ्या पेशी लिव्हरवर चालून आलेल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असेल असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्या वादात शिरत नाही, पण ज्याच्या लिव्हरमध्ये मुकादम आधीच खवळलेला आहे त्याला आणखी चेतवणारी गोष्ट का द्यायची? आईने पातेलं उतरवलं. तिला काहीतरी करायचं होतं, तर चालायला रोज बाबांबरोबर जायचं काम तिने घेतलं. इम्युनिटी बूस्टर म्हणून मिळणाऱ्या पावडरी, बॉडी बनवायच्या सप्लिमेंट, लिव्हर डिटॉक्स, हे सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा आणि काय चालू ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या.

लस मात्र घ्या. लिव्हरचा जुना आजार असला की पांढऱ्या पेशी एकीकडे सूज वाढवतात आणि दुसरीकडे खऱ्या जंतूंशी लढायला कमी पडतात, म्हणून हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू आणि न्यूमोनियाची लस याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

आता दादाच्या चार लाखांकडे येऊ.

पेशींची ट्रीटमेंट ही थाप नाही, त्यावर खरंच चांगलं काम चाललंय, पण कुठवर आलंय ते माहीत पाहिजे. मॅक्रोफेजवरचं माणसांमधलं सगळ्यात पुढचं काम त्याच एडिनबरात झालं. सिरोसिसच्या पेशंटला मशीनला जोडतात, एका हातातून रक्त जातं, मशीन पांढऱ्या पेशी बाजूला काढतं आणि बाकीचं रक्त परत शरीरात येतं, काही तास चालतं हे. त्यातून मोनोसाइट वेगळ्या काढायच्या, लॅबमध्ये सात दिवस वाढीचं रसायन देऊन त्यांचे मॅक्रोफेज बनवायचे, आणि सलाइनसारखी पिशवी लावून परत शिरेतून द्यायचे. २०१९ मध्ये पहिल्या टप्प्याचे निकाल आले, नऊ पेशंट, जास्तीत जास्त शंभर कोटी पेशी, सगळं सुरक्षित पार पडलं. दुसऱ्या टप्प्याचे निकाल २०२५ च्या सुरुवातीला आले, २७ जणांना पेशी दिल्या, २४ जणांना नेहमीचीच ट्रीटमेंट. मुख्य प्रश्न होता की नव्वद दिवसांत मेल्ड स्कोअर, म्हणजे लिव्हर किती खराब आहे याचा आकडा, सुधारतो का. फरक पडला तो एकाहूनही कमी गुणाचा, आणि तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येण्याइतका नव्हता. वणाच्या रक्ततपासण्या आणि स्कॅनमध्ये दोन गटांत फरक दिसला नाही. पण वर्षभरात पेशी न दिलेल्या २४ जणांपैकी तिघे गेले आणि चार लिव्हरच्या गंभीर घटना झाल्या, पेशी दिलेल्यांमध्ये असं एकही नाही. मला यात आशा दिसते. पण ५१ माणसांवरून बाजारात विकायला काढायचं नसतं, आणि ते करणारे स्वतःही ते विकत नाहीयेत, आता जास्त ताकदीच्या मॅक्रोफेजच्या पुढच्या चाचण्या चालू आहेत.

दुसरी वाट कार-टी पेशींची. टी पेशी पण पांढऱ्या पेशीच, त्यांना लॅबमध्ये ठराविक लक्ष्य ओळखून मारायला शिकवलं की त्या कार-टी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांच्या टी पेशींना म्हातारे झालेले, खराब गवंडी ओळखायला शिकवलं आणि उंदरांचे लिव्हरचे वण कमी झाले. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून बनवलेल्या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, अभिमानाची गोष्ट आहे, पण ती रक्ताच्या ठराविक कॅन्सरसाठी. कुणी तिचं नाव सांगून लिव्हरसाठी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

आणि मुकादमाला दारातच अडवायचा प्रयत्नही झालाय. सेनिक्रिविरॉक नावाची गोळी मोनोसाइटला लिव्हरमध्ये शिरूच देत नव्हती, दुसऱ्या टप्प्यात वर्षभरात चांगलं दिसलं, तिसऱ्या मोठ्या टप्प्यात उपयोग दिसला नाही आणि २०२१ मध्ये चाचणी बंद झाली. २००५ चा उंदरांचा प्रयोग आठवला की मला वाटतं, आत येणारा प्रत्येक जण अडवला तर प्लास्टर फोडणारेही बाहेरच राहत असतील.

स्टेम सेलचं, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशींचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये ८१ सिरोसिसच्या पेशंटवर चाचणी झाली, काहींना मगजातून पेशी बाहेर काढणारं जीसीएसएफचं इंजेक्शन, काहींना त्याबरोबर स्वतःच्याच स्टेम सेल परत दिल्या, २०१८ मध्ये निकाल आला, फायदा नाही. २०१२ मध्ये छापून आलेल्या दिल्लीच्या एका चाचणीत एकदम कोसळलेल्या लिव्हरच्या ४७ पेशंटमध्ये जीसीएसएफने जास्त लोक वाचले होते, पुढे जर्मनीच्या मोठ्या चाचणीत तसं दिसलं नाही. तुमच्या पेशंटला आयसीयूत हे इंजेक्शन सुचवलं तर तो डॉक्टरांचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो, विचारा, भांडू नका.

क्लिनिकमध्ये दादाबरोबर मीही गेले होते. सोफ्यावर बसवून गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं, आतले फोटो छान होते, डॉक्टर बोलले सात-आठ मिनिटं. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. ही चाचणी असेल तर सीटीआरआय नंबर द्या. (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे, कुणीही वेबसाइटवर फुकट बघू शकतं.) एथिक्स कमिटीचं, म्हणजे चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीचं पत्र दाखवा. कुठल्या पेशी देणार, किती, त्या कुठल्या लॅबमध्ये तयार होतात. देताना काय झालं तर खर्च कुणाचा. आधी आणि नंतर वण कसा मोजणार. आणि शेवटी, पैसे का घेताय? कारण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताच्या आजारांतलं मगजाचं प्रत्यारोपण वगैरे ठराविक मान्य गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल देणं हे संशोधनच धरलं जातं, आणि संशोधनासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. नंबर मिळाला नाही. "या आठवड्यात बुक केलंत तर कमी करून देतो" एवढं मिळालं. बाहेर आल्यावर दादा गाडीत बराच वेळ गप्प बसला होता, मग म्हणाला हे पैसे बाबांच्या गोळ्यांना आणि तपासण्यांना ठेवू.

खरी चाचणी सापडली तर मात्र मागे हटू नका, आपल्या लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवून तिच्या अटींत आपला पेशंट बसतो का विचारा.

पुढच्या तपासणीचं कॅलेंडर करून ठेवा. स्कॅन दर महिन्याला करून उपयोग नाही, प्लास्टर फुटायला महिने-वर्षं लागतात, आमच्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा सांगितलाय, शक्यतो त्याच मशीनवर, उपाशीपोटी. बाबांचा १२.४ चा चौदा महिन्यांनी ९.१ झाला, त्यातलं किती सूज उतरून आणि किती वण जाऊन हे त्या आकड्यावरून वेगळं करता येत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला त्यांचं ते सांगणं फार आवडलं. सिरोसिस झालेला असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका, लिव्हरचा कॅन्सर लवकर सापडण्यासाठी ती असते, आकडा सुधारला तरी चालू ठेवायची. अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

आणि हे एक फ्रिजवर लावून ठेवा, आमच्याकडे आहे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट फुगून पाणी भरणं, डोळे पिवळे होणं, ताप, किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागणं, रात्री झोप नाही आणि दिवसा गुंगी, यातलं काहीही दिसलं तर उद्याची अपॉइंटमेंट बघायची नाही, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं, आणि फाईल बरोबर घ्यायची.